पानाच्या कडा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, भावाला नाही. मंगळागौरीचं देऊळ आमच्या गल्लीच्या टोकाला आहे, तिथं मी रोज जाते. हात जोडून उभी राहिले की मनातल्या मनात सगळं सांगते — गुडघ्याचं दुखणं, घरातली कुरबुर, कुणी टाकून बोललं असेल तर तेसुद्धा. पण हे नाही. देवीला ठाऊक आहेच, असं म्हणून पुढे सरकते. ठाऊक असणं वेगळं आणि आपण होऊन सांगणं वेगळं, हे मला कळत नाही का? चांगलं कळतं.

तुम्ही कोण, मला माहीत नाही. ही वही कुणाच्या हाती लागेल तेही माहीत नाही. पण समोर कुणीतरी बसलंय असं धरल्याशिवाय मला लिहिता येत नाही. तेव्हा बसा. जरा जपून — त्या बाजूला निवडुंग आहे.

आमचं घर काशीत, पंचगंगा घाटाच्या वर. गल्ली इतकी चिंचोळी की समोरून सांड आला तर माणसानं ओट्यावर चढावं. खालच्या मजल्यावर ऊन म्हणून कधी शिरत नाही. ऊन आहे ते इथं, गच्चीवर. आणि गच्ची माझी. तशी कुणी मला दिली नव्हती. अकराव्या वर्षी मी सासरहून परत आले. नवऱ्याचा चेहराही मला नीट आठवत नाही, त्यामुळे त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. पुढे केस गेले, अंगावर आलवण आलं. घरात सणवार असला, सवाष्णी जेवायला यायच्या असल्या की आई म्हणायची, "तू जरा वर जा गं." मी वर यायची. यायची म्हणता म्हणता इथलीच झाले.

वर आईनं एका फुटक्या मडक्यात कोरफड लावली होती. तिच्या बुडाशी पिल्लं आली होती. मी ती सोडवून वेगळी लावली. मग कुणाकडून त्रिधारी निवडुंगाचा तुकडा आणला, कुणाकडून पानफुटी. कुंड्या कुठल्या आणणार? रबडीवाल्याकडची टाकलेली मातीची कुल्हडं गोळा केली, बुडाला भोक पाडलं. पलीकडच्या काठाची रेती रामसुमेर मल्लाह आपल्या नावेतून आणून द्यायचा. त्यात जुन्या विटेचा चुरा मिसळायचा. "ई बालू में का उगी, बहिनी?" असं तो दर खेपेला विचारायचा, आणि दर खेपेला पोतं वरपर्यंत आणून टाकायचा. पुढे शहरात नळ आला. नळातल्या चकतीचं चामडं पाण्याला लागतं म्हणून आई ते पीत नसे, पण माझ्या झाडांना ते चालत असे. झाडांना आणि मला.

या मांसल झाडांचं एक बरं असतं, ती आपल्याकडून फार मागत नाहीत. पाणी थोडं. ऊन भरपूर. फांदी तोडली की लगेच लावायची नाही, एवढं एकच पथ्य. चार दिवस सावलीत पडू द्यायची, जखम सुकू द्यायची, वर पापुद्रा धरला की मग रेतीत खोचायची. ओल्या जखमेनं लावलेलं कुजतं. हे मला कुणी शिकवलं नाही. कुजवून कुजवूनच शिकले.

पानफुटीला फांदीही लागत नाही. इथले लोक तिला पत्थरचट्टा म्हणतात, मुतखड्यावर देतात. पान जाड, आणि कडेला नागमोडी खाचा. पान नुसतं ओल्या मातीवर ठेवलं की आठ-दहा दिवसांत त्या खाचांमधून बारीक रोपं निघतात. एका पानाला सात, कधी नऊ. रोप पानातून निघत नाही, खाचेतून निघतं. खाचेत बारीक टिंब असतं, मोहरीच्या दाण्याहून लहान. रोप त्या टिंबात असतं. पान हातात घेऊन रोज बघणाऱ्यालाच ते दिसतं. आमच्या घरात ते फक्त मला दिसत होतं.

बघा, मी अजून झाडांबद्दलच बोलते आहे. झाडांबद्दल मला वाटेल तेवढं बोलता येतं.

आमच्या घरात एक रीत होती. इतर मराठी घरांत ती मी पाहिली नाही, आमच्याच पणजीनं कधी काढली असेल. नव्या सुनेची श्रावणात पाच वर्षं मंगळागौर होते, हे तुम्हाला माहीत आहे. इथल्या लोकांचा सावन आमच्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो, त्यामुळे देवळातली त्यांची गर्दी ओसरली की आमची सुरू. पूजेला सोळा तऱ्हेची पत्री लागते. आमच्याकडे त्यात पानफुटीचं एक पान असायचं. दुसऱ्या दिवशी बाकीची पत्री गंगेत जायची, ते पान मागे ठेवायचं. सुनेनं स्वतःच्या हातानं ते कुंडीत ठेवायचं, स्वतः पाणी घालायचं. दुसऱ्या कुणी त्याला शिवायचं नाही. पानाला रोपं फुटली की तिची कूस भरणार. आईच्या पानाला अकरा फुटली होती म्हणे. आम्ही दोघंच जगलो, पण ती अकरा सांगायची.

आणि ते पान माझ्या गच्चीवरचं. माझ्या झाडाचं. आदल्या दिवशी मीच खुडायचं, आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर पत्रीच्या टोपलीत ठेवून मागे व्हायचं. मग आई येणार, त्यावर पाणी शिंपडणार, आणि टोपली खाली नेणार. विधवेचा हात लागलेली पत्री म्हणून पाणी. मला राग यायचा का? तेव्हा विचारलं असतं तर नाही म्हणाले असते.

माझा भाऊ विनू माझ्याहून दोन वर्षांनी धाकटा. त्याचं लग्न झालं तेव्हा मी वीस वर्षांची होते. त्याची बायको जानकी. पंधरा वर्षांची, सावळी, हसरी, पलीकडच्या रामनगरची. तिचे वडील तिथं पुराण सांगत. रामनगर म्हणजे गंगेच्या पल्याड — काशीत मेला तो तरला, आणि पल्याड मेला तो गाढवाच्या जन्माला गेला, असं इथं लहान पोरदेखील सांगतं. त्यावरून सगळे तिला चिडवायचे. मीही चिडवायची. ती म्हणायची, "म्हणून तर इकडे आले ना, वन्सं! आता सुटले. आता मेले तरी सरळ मोक्ष." आणि खळखळून हसायची. तिला राग म्हणून येत नसे, आणि ते मला आवडत नसे.

तिला माझ्या गच्चीचं वेड लागलं. दुपारची भांडी आटोपली की वर. "वन्सं, हा गमला कोपऱ्यातून काढू का? याला ऊन लागत नाहीये." मी नको म्हणेपर्यंत काढलेला असायचा. मी मेलं म्हणून फेकलेला निवडुंगाचा तुकडा तिनं कचऱ्यातून उचलून लावला, तर महिन्यात त्याला नवं बोट फुटलं. कोरफडीला माझ्याकडे कधी फूल आलं नव्हतं, ते त्या फाल्गुनात आलं. तिनं काही विशेष केलं नव्हतं, नुसतं पाणी तोडलं होतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे. तिचा हात चांगला होता. ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं, श्रावणाच्या कितीतरी आधी.

मग शेजारणी रोपं मागायला येऊ लागल्या. नऊ वर्षं मी वर खपत होते, पण रोप हवं असलं तर त्या आईकडे मागायच्या, आई माझ्याकडून घेऊन पाणी शिंपडून द्यायची. आता त्या जानकीकडे मागायच्या, तिच्या हातून घ्यायच्या. आषाढात एक दिवस चौघीजणी खाली बसल्या होत्या, आणि आई त्यांना म्हणाली — मी जिन्यातच होते — "बरं झालं बाई, गच्चीला एकदाचा शुभ हात लागला."

बस. एवढंच वाक्य. आईच्या मनात काही वाकडं नव्हतं. सुनेचं कौतुक करत होती. मी परत वर आले.

पहिल्या मंगळागौरीच्या आदल्या दिवशी मी पान खुडलं. चांगलं मोठं, जाड, दोन्ही कडांना मिळून बारा खाचा. ते हातात घेऊन मी बराच वेळ बसले. आणि मग नखानं — अंगठ्याच्या नखानं — प्रत्येक खाचेतलं ते टिंब उकरून काढलं. बाराही. सावकाश, एकही न चुकवता. पान मात्र कुठं फाटू दिलं नाही. मग ते टोपलीत ठेवून मागे झाले. आई आली, पाणी शिंपडलं, घेऊन गेली.

झालं सांगून. वाटलं होतं त्याहून कमी शब्द लागले.

काय वाटत होतं मला? तिची कूस उजवू नये, असं मनात होतं का? मी पुष्कळ वेळा स्वतःला विचारलंय. नव्हतं, असं वाटतं. माझा त्या रीतीवर विश्वासही नव्हता. पान कशानं फुटतं हे मला माहीत होतं, त्यात कुणाच्या कुशीचा काय संबंध? मला फक्त तिच्या हातून एक गोष्ट उगवायला नको होती. एक तरी. पण माझा विश्वास नसला तरी आईचा होता, आणि ते मला पक्कं ठाऊक होतं. तेव्हा मनात काय होतं, याला फारसा अर्थ नाही.

ते पान दोन महिने हिरवं राहिलं. पानफुटीचं पान लवकर मरत नाही. जानकी रोज सकाळी येऊन वाकून बघायची. मी माझ्या कामात. दसऱ्याच्या सुमारास ते कडेनं तपकिरी होऊन आक्रसलं. आई म्हणाली, असू दे, पहिलंच वर्ष.

दुसऱ्या वर्षी मी असलं काही करणार नव्हते. खरंच नव्हते. पण त्याच आठवड्यात विनू छावणीतल्या कुणा साहेबाच्या बागेतून एक वेगळाच निवडुंग घेऊन आला, गोल, चेंडूएवढा, पांढऱ्या लवीचा. तिथल्या माळ्याला गळ घालून आणला होता. तो त्यानं जानकीच्या हातात दिला. माझ्या समोर. दहा वर्षांत त्यानं मला कधी कुल्हडभर माती आणून दिली नव्हती. पुन्हा नख.

तिसऱ्या वर्षी भीती. आता पान फुटलं तर? जानकी चौकस होती, जुनं पान आणि नवं पान ताडून बघायला तिला वेळ लागला नसता. त्या वर्षी तिनं मला विचारलंच. कुंडीतलं पान बोटानं जरासं उचलून म्हणाली, "वन्सं, याच्या कडा बघा ना, अशा काय दिसतायत? खाचेखाचेत डाग आहेत."

मी म्हणाले, "मुंगी लागली असेल."

"सगळ्या खाचांना?"

"पावसाळ्यात लागते."

ती "हो का" म्हणाली आणि पान परत ठेवलं. तिला ते पटलं. झाडांच्या बाबतीत मी म्हणेन ते तिला पटायचं. चौथ्या वर्षी तिनं विचारलं नाही. चौथ्या वर्षी ती हसतही नव्हती फारशी. आईनं बोलायला सुरुवात केली होती — तिच्याशी नव्हे, तिच्या देखत. "चार पानं सुकली. माझ्या घरात असं कधी झालं नाही." शेजारणी रोपं न्यायला येईनाशा झाल्या. जानकीनं दिलेलं रोप एकीच्या घरी वाळलं होतं म्हणे. जास्त पाणी घातलं असेल, या झाडांची तीच तऱ्हा, हे मी सांगू शकले असते. कुणी विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही. आणि जानकी, जी कचऱ्यातला तुकडा जगवत असे, ती कुंडीला हात लावण्याआधी माझ्याकडे बघू लागली. "लावू का मी? की तुम्हीच लावता?"

माझं मन पालटलं ते तेव्हा. उशिरा पालटलं, पण पालटलं. पाचव्या वर्षी, उद्यापनाच्या पूजेला मी पान दिलं ते अख्खं दिलं. झाडावरचं सगळ्यांत चांगलं. खाचांत टिंबं भरलेली, एकदोन तर झाडावरच फुटायच्या बेतात होती. मी मनात दिवस मोजत बसले. आठ दिवस, फार तर दहा. वाटलं, आता आपोआप होईल सगळं. मला कुणाला काही सांगावं लागणार नाही. बघा, तिथंही माझीच सोय.

चौथ्या दिवशी सकाळी वर आले तर कुंडी रिकामी. जानकी कठड्याशी उभी होती, ओल्या साडीनं, नुकतीच घाटावरून आलेली. मी पानाचं विचारलं.

"सोडलं गंगेत," ती म्हणाली. "पाचव्यांदा मरताना नाही बघवणार मला, वन्सं."

ते पान जिवंत होतं. ते फुटणार होतं. मला तोंड उघडायचं होतं, आणि मी विचार केला की आता हे कसं सांगायचं — हे जिवंत होतं म्हटलं की आधीची चार का नव्हती, हे आलंच. मी कुंडी उचलून दुसरीकडे ठेवली. माझ्या आयुष्यात सांगायची एवढी सरळ वेळ पुन्हा आली नाही. ती माझ्या समोर तीन हातांवर उभी होती.

मार्गशीर्षात विनूचं दुसरं लग्न झालं. पाच वर्षं झाली होती, मूल नव्हतं, आणि आईनं गल्लीतल्या चार जाणत्या बायकांना पाच पानांची हकिकत सांगून त्यांच्याकडून हो म्हणवून घेतलं होतं. विनूनं मान खाली घालून ऐकलं. जानकीला आधीच थोड्या दिवसांकरता म्हणून माहेरी पाठवलं होतं. रामसुमेरच्याच नावेतून ती गेली. मी घाटाच्या वरच्या पायरीवर होते. जाताना तिनं मला वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "माझ्या गोल निवडुंगाला तुम्हीच पाणी घाला. दुसरं कुणी जास्त घालेल." ते थोडे दिवस संपले नाहीत.

दुसरी आली ती मथुरा. बिचारी भली आहे. आत्तासुद्धा खालून हाक मारते आहे, चहा गार होतोय म्हणून. तिच्या पहिल्या मंगळागौरीला मी पान दिलं ते अख्खं. नऊ रोपं फुटली. दोन वर्षांत मुलगा, मग एक मुलगी, मग आणखी एक मुलगा. आई म्हणायची, पान खोटं बोलत नाही. आणि मी त्या मुलांना अंगाखांद्यावर खेळवलं. त्यांच्यावर माझा जीव आहे. मी ते केलं नसतं तर ही तिघं नसती, असा विचार कधीकधी येतो, आणि तो आला की मी उठून काहीतरी काम काढते. त्या विचारात एक गोडवा आहे, आणि तो घ्यायचा मला हक्क नाही.

जानकीला पुढे मूल झालं असतं का? मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. पण त्या पानांनी तिचं घर गेलं, हे माहीत आहे.

आई गेल्यावर, म्हणजे मधे अकरा वर्षं गेल्यावर, मी रामनगरला गेले. सांगायचं ठरवून गेले. नुसतं बोलून तिला समजायचं नाही असं वाटलं, म्हणून एक अख्खं पान पदरात घेतलं. तिच्या समोर खाचेतलं टिंब नखानं काढून दाखवणार होते — हे असं केलं मी, चार वेळा. नावेत बसून मी ते वाक्य घोकत होते. रामसुमेर बालूबद्दल विचारत होता, ते माझ्या कानांवरून गेलं.

ती भावाच्या घरी स्वयंपाकाचं बघायची. केस अकाली पांढरे होऊ लागले होते. कपाळाला मोठं कुंकू. मला बघून तिला इतका आनंद झाला की तिनं मला दारातच धरून ठेवलं. बसायला पाट, खायला पेढे, मुलांची विचारपूस. मथुराच्या मुलांची नावं तिला पाठ होती. मी पदरातून पान काढलं. तिनं ते पाहिलं आणि दोन्ही हात झटकन पाठीमागे नेले.

"माझ्याकडे नका देऊ, वन्सं. तुमच्या झाडाचं आहे, कशाला मारायचं? ठेवायचंच असलं तर तुम्ही ठेवा. तिकडे भिंतीशी गमला आहे."

हसत म्हणाली. लाडानं, थट्टेनं, जुन्यासारखी. मी उठले आणि पान कुंडीत ठेवलं. माझ्या हातानं. वाक्य घोकलेलं होतं, ते तसंच घेऊन मी परत आले. का नाही बोललात, असं तुम्ही विचाराल. तिला इतक्या दिवसांनी कुणी भेटायला आलं होतं, तो आनंद मोडवेना, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे माझी छाती झाली नाही.

पुढच्या वर्षी पुन्हा गेले. कुंडी भरून गेली होती. जानकीनं ती मला लांबून दाखवली, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातून. "बघा, आठ आली! तुमच्या हाताला गुणच आहे. मी लांबच असते हं. पाणी वहिनी घालते, मी नुसती बघते." तिच्या भाच्याची बायको नुकतीच बाळंत झाली होती. ओसरीवर बाळ रडायला लागलं. बाळाची आई आत न्हात होती. जानकी उठली, बाळाजवळ गेली, वाकली, आणि हात आखडते घेऊन उभी राहिली. तोंडानं चुकचुक करत होती, हात मात्र पदरात गुंडाळलेले. मला म्हणाली, "तुम्ही घ्या ना त्याला. माझा हात नको लागायला."

मी बाळ घेतलं. माझ्याकडे. विधवेकडे, जिच्या हातच्या पत्रीवर पाणी शिंपडायचे. ती बाजूला उभी राहून त्याच्याकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर दुःखसुद्धा नव्हतं. सवय होती. त्या घरात चार बाळं झाली, तिनं एकही मांडीवर घेतलं नाही, हे मला नंतर कळलं. कुणी तिला बंदी केली नव्हती. तिनंच आपल्या हातांना केली होती.

तेव्हाही मी बोलले नाही. बाळ थोपटत राहिले.

त्यानंतर मी गेले ती चार-पाच वेळा. विनू गेला तेव्हा पल्याड तिच्या बांगड्या फुटल्या, त्याला गेले. दर वेळी ती म्हणायची, "इकडे आले परत, वन्सं. गाढवाचा जन्म काही चुकत नाही माझा," आणि हसायची. शेवटी शेवटी भाच्यांनी काशीला आणून ठेवायचं म्हटलं होतं. ती म्हणाली, बघू उन्हाळ्यात. मागल्या पौषात तिला ताप भरला. चार दिवस दाट धुकं होतं, नावा सुटत नव्हत्या. पाचव्या दिवशी धुकं निवळलं आणि निरोप आला. काशी तिला आयुष्यभर समोर दिसत होती, घाट आणि दिवे सगळं. आणि ती गेली पल्याड.

भाचा नंतर कुंडी घेऊन आला. आत्यानं वन्संना परत द्यायला सांगितली होती, त्यांच्याच हातची आहे म्हणून. तो म्हणाला, इतक्या वर्षांत आत्यानं हिला बोट लावलं नाही, पण रोज दारातून बघायची.

ती कुंडी आत्ता माझ्या शेजारी आहे. रोपं दाटली आहेत, वेगळी करायला झाली आहेत. तिचा गोल निवडुंगही आहे, त्याला बुडाशी पिल्लं आहेत. पाणी मी जास्त घातलं नाही. मथुराची मुलं मला म्हणतात, आमच्या आत्याच्या हातानं काहीही जगतं. गल्लीतल्या बायका रोपं माझ्याकडून नेतात, आता कुणी पाणी शिंपडत नाही.

जानकीच्या हातात काही दोष नव्हता. पाच पानांतली चार मी मारली होती, आणि पाचवं जिवंत होतं.